सिमेंटमुक्त

सिमेंटची एक गोण तयार होताना जवळजवळ तेवढ्याच वजनाचा कर्बवायू हवेत जातो, हे आकांक्षाला पाठ होतं. म्हणून २००८ साली मिठबावच्या किनाऱ्यावर कंपनीचं रिसॉर्ट बांधताना तिने पणच केला: सिमेंट नको, खाणीतला नवा चिराही नको, मच्छीमारांच्या वाडीतली जुनी घरं, जागा त्यांच्याकडेच ठेवून, पाडण्यासाठी विकत घ्यायची आणि त्यांचेच चिरे वापरायचे.

सगळ्यांनी घरं दिली. एकटी हिराकाकी अडून बसली. "ह्यो एकेक चिरो माज्या घोवान डोक्यावरसून हाडल्यान. तो दर्यात गेलो, आता माका ह्या घरच काय ता उरलाहा."

आकांक्षाने ओटीवर बसून तिचा हात हातात घेतला. "काकी, सिमेंटपायी हवा तापते आणि दर्या चढतोय. तुमच्या नातवंडांसाठी तरी द्या."

काकी डोळे पुसत उठली आणि तिने देव तेवढे बाहेर काढले.

वर्षभरात रिसॉर्ट उभं राहिलं. आवारात सिमेंटची एकही गोण आली नाही, म्हणून त्याला मानाचा पुरस्कार मिळाला. पेढे वाटायला आकांक्षा हौसेने वाडीत गेली, तर प्रत्येक जुन्या जोत्यावर स्लॅबचं नवं घर! शेवटचं तेवढं अर्धवट होतं, आणि डोक्यावर काँक्रीटचं घमेलं घेऊन हिराकाकी शिडीकडे निघाली होती.

"काकी, अहो, सगळ्यांनीच सिमेंट?"



"वाईच बाजूक हो गो बाय. चिरे तर तुमी नेलास, मगे आमी घरा कसल्याची बांधूची?"