शंभर वॅटची ऊब

"गेले का?" वायरमनने दारातून मान आत घालून विचारलं.

"गेले. केस कापायला. हे सोबत आहेत, तासभर तरी रखडवतील," सूनबाई म्हणाली. "तुम्ही आधी स्टूल घ्या, चहा मागून."

दोघं जिना चढून सासऱ्यांच्या खोलीत गेले. टेबलावर, जुन्या पत्र्याच्या शेडखाली, तो लटकत होता. शंभर वॅटचा, तारेचा, पिवळा बल्ब. घरातले त्याचे सगळे भाऊबंद केव्हाच भंगारात गेले होते. स्वयंपाकघरात, बाहेरच्या खोलीत, न्हाणीघरात एलईडी आले, आणि खाली दोन ठिकाणी भिंतीवरचे चपटे हीटरही बसले. हा एकटा ठाण मांडून होता, कारण त्याचा मालक ठाण मांडून होता.

सासऱ्यांनी चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केली होती. "त्या पांढऱ्या दिव्यात माणूस आजारी दिसतो," ते म्हणत. "आणि ऊब कुठाय? हा बल्ब बघ. दिवा तो दिवा, शेगडी ती शेगडी."

सूनबाई हात पुढे करायची, तसे ते ओरडत, "हात लावू नकोस, भाजशील!"

रोज संध्याकाळी सहाला ती चहा घेऊन वर जायची आणि साडेसहाला बल्बच्या वादात हरून खाली यायची. सासूबाई गेल्यापासून तर हट्ट वाढलाच होता. मागच्या थंडीत त्यांची छाती भरली, पंधरा दिवस खोकत होते. खोली गरम ठेवा, असं डॉक्टरांनी बजावलं. सासरे दोन स्वेटर घालून बसले होते. तशातही म्हणाले, "गरमच आहे की. बल्ब आहे ना!"

आता पुन्हा थंडी आली होती, आणि पुन्हा तो खोकला तिला ऐकायचा नव्हता. म्हणून हा बेत. पलंगामागे छोटा हीटर लपवायचा. त्याची वीज भरून निघावी म्हणून बल्बच्या जागी हुबेहूब तसाच दिसणारा पिवळा एलईडी लावायचा. आणि दोघांना एकच बटण.

"म्हणजे त्यांनी दिवा लावला की हीटरही सुरू," वायरमन म्हणाला. "वहिनी, डोकं आहे तुम्हाला."

"डोकं नाही भाऊ, नाइलाज आहे. लवकर आटपा."

ती खाली खिडकीशी पहाऱ्याला उभी राहिली. वरून आधी ड्रिलचा आवाज आला, मग स्टूल सरकल्याचा, मग बराच वेळ काहीच नाही. शेवटी वायरमन हसत हसत जिना उतरला.

"काय झालं हसायला?"

"काही नाही. झालं काम."

"जुना बल्ब?"

त्याने हातातल्या पिशवीवर थाप मारली. "घेऊन जातो. इथे राहिला तर भांडं फुटायचं."

त्या दिवशी सहाला ती चहा घेऊन वर गेली. सासऱ्यांनी बटण दाबलं. दिवा लागला. ते खुर्चीत टेकले, चहाचा घोट घेतला आणि पाचेक मिनिटांनी तळहात एकमेकांवर घासले.

"बघितलंस? याला म्हणतात ऊब! आहे का तुमच्या त्या एलईडीत दम?"

"नाही बाबा," ती म्हणाली आणि हसू दाबायला कपात तोंड घातलं.

मग रोजच मजा सुरू झाली. ते बल्बचं कौतुक करत, ती मुद्दाम वाद घालून हरत असे. साडेसहाचे सात झाले, सातचे साडेसात. सासरे एका स्वेटरवर आले. जुन्या गिऱ्हाइकांच्या गोष्टी निघाल्या. एका बाईने नवऱ्याला वेळेत कामावर पिटाळायला घरातलं घड्याळ तीन वर्षं अर्धा तास पुढे कसं ठेवलं, ते ऐकून ती पोट धरून हसली. कधी नवराही ऑफिसातून आल्यावर बूट न काढताच वर येऊन बसायचा. थंडी निम्मी सरली, पण खोकला एकदाही आला नाही.

आणि नेमकं तेच तिला खायला लागलं. माणूस इतक्या भोळेपणाने आनंदात आहे, आणि आपण त्याला रोज उघड्या डोळ्यांनी फसवतोय. तिला रात्रीचा घास गोड लागेना.

एक दिवस वायरमन दाराची घंटा दुरुस्त करायला आला. सहा वाजत आले होते. तिने ट्रेमध्ये कप मांडले आणि एकदम म्हणाली, "भाऊ, मी आज बाबांना सगळं सांगून टाकणार."

वायरमनच्या हातातला स्क्रूड्रायव्हर थांबला. "काय सांगणार?"

"बल्ब खोटा आहे म्हणून. रागावले तर रागावू देत. म्हाताऱ्या माणसाशी असं खोटं वागवत नाही मला."

"वहिनी, नको."

"का नको? माझ्या मनाला लागलंय ते."

वायरमनने एकदा जिन्याकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"हीटर तुमचा, तो मी बसवला. पण बल्ब मी बदललाच नाही. पिशवीत होता तो तुमचा नवाच. वर तीन वर्षांपासून एलईडीच आहे, आजोबांनीच माझ्याकडून गुपचूप लावून घेतलाय. म्हणाले होते, घरात बोलू नकोस. हा वाद मिटला तर सूनबाई माझ्यापाशी अर्धा तास कशाला बसेल?"