फाटलेला काठ

"चाकाला घाई करायची नाही. आणि काठ फाटला, तर फाटला म्हणायचं. झाकायचं नाही. दे शब्द."

हे, काप काढायचं यंत्र शिकवणाऱ्या बाईंनी ताईचा हात हातात घेऊन सांगितलं होतं. त्याला वीस वर्षं झाली. बाई गेल्या, शब्द राहिला.

ताईने क्रायोस्टॅटची काच सरकवून आत हात घातले. हाडं गोठवणाऱ्या थंडीची, काप काढायची ती पेटी. ओठाजवळून काढलेला कातडीचा नखाएवढा तुकडा आत दगड होऊन बसला होता. ती चाक फिरवी, पात्यावरून कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप सुटे, ब्रशने ती तो काचपट्टीवर घेई. डॉक्टर सूक्ष्मदर्शकाखाली काठ बघत. काठावर कॅन्सर दिसला, की पेशंटचा आणखी एक थर काढायचा. काठ स्वच्छ, की टाके घालून घरी.

सकाळपासून दोन थर झाले होते. हा तिसरा.

"चहा सांगू, ताई?"

"आज तोंडाला काही लावायचं नाही," ती मास्कआडून पुटपुटली.

"हो की. मीही वेंधळाच." डॉक्टर ओशाळले.

खालचा कोपरा पात्याला चिकटत होता. प्रत्येक काप तिथेच फाटला. तुकडा संपला.

डॉक्टरांनी काचपट्टी पाहिली आणि पाठ सैल सोडली. "स्वच्छ. सुटलो बुवा."

गप्प बसली असती, तर सगळं तिथेच मिटलं असतं.

"खालचा कोपरा पुन्हा बघा, डॉक्टर. घडी पडलीय ना, तिच्याखाली काठच नाही. फाटलाय."

ते बराच वेळ बघत राहिले. "तुम्ही बोलला नसतात, तर मला कळलं नसतं."

"म्हणून तर बोलले."

"आणखी थर म्हणजे ओठाचा कोपरा जाणार. हसू कायमचं वाकडं. आणि पेशंटच्या लेकीचं लग्न आठवड्यावर आलंय."

"वाकडं तर वाकडं. हसायला माणूस तर राहील."

"पेशंटला थोडा वेळ देऊ या?"

"नको. उगाच जीव टांगणीला कशाला?"

तिने ब्रश पुसून जागेवर ठेवला, यंत्राची काच ओढली, कोट खुंटीला अडकवला. शेजारच्या खोलीत गेली. टेबल रिकामं होतं; यंत्रावर असताना आपल्याला 'पेशंट'च म्हणायचं, हे तिनेच डॉक्टरांना सांगून ठेवलं होतं. ती त्यावर आडवी झाली आणि ओठाजवळच्या पट्टीला धक्का न लावता तिने मास्क हळूच खाली ओढला.