छडीचा आवाज

“छडी कुठं हाय तुमची, गुरुजी?” मारुतीच्या देवळात पाय टाकताच गोजाबाईंनी विचारलं. गावची शाळा देवळातच भरायची.

“मी छडी वापरत नाही, आजी,” कोंडीराम गुरुजी म्हणाले. पुण्याचं ट्रेनिंग कॉलेज करून ते नुकतेच चाकणजवळच्या या गावी आले होते. “पोरांना हात लावायचा नाही, खेळातून शिकवायचं. नवी पद्धत आहे.”

“पद्धत हाय, आन् पोरं कुठं हायती?”

गुरुजींसमोर चार टाळकी बसली होती. बाकीची कांद्याच्या रानात, नाहीतर गुरांमागं. पट असाच राहिला तर दिवाळीनंतर बोर्ड शाळा बंद करणार होतं.

“यशवंतराव गुरुजींच्या छडीपायी माझा भैरू चौथी पास झाला. तवा साळंत बसाया जागा नसायची. उद्यापासनं छडीचा आवाज माझ्या ओट्यावर आला पायजे. न्हाई आला तर ही चार बी घरी नेते.”

म्हातारी पदर खोचून चालती झाली. तिचा शब्द मोडायची गावात कुणाची छाती नव्हती.

गुरुजींना मारायचंही नव्हतं आणि शाळाही घालवायची नव्हती. त्यांनी भुसा भरलेलं एक पोतं आणि एक छडी आणली, देवळाचं दार लोटलं आणि चौघांच्या कानात काहीतरी सांगितलं.

“बे एके बे!” फाड्‌.

“आई गं, मेलो!”

“बे दुणे चार!” फाड्‌.

“न्हाई, गुरुजी, न्हाई!”

गुरुजी पोतं झोडत होते आणि पोरं पाळीपाळीनं गळा काढत होती. हसून हसून त्यांची मुरकुंडी वळली.

आठवड्याभरात देवळात मुंगी शिरायला जागा उरली नाही. “गुरुजी, आज मला मारा!” “हट, तू कालच मेलास की!” पावकी-निमकीचे पाढेसुद्धा पोरांना तोंडपाठ झाले.

गुरुजींना धास्ती एकच. म्हातारीला कळलं तर?

आणि एका दुपारी दार उघडलं. दारात गोजाबाई, मागं मिशाळ भैरू. गुरुजींची छडी हवेत, पुढ्यात पोतं, आणि छबू नावाची पोर तोंड वासून ओरडायच्या बेतात.

“आजी, पोरं शिकतात हो... पाढे विचारून बघा...”

गोजाबाईंनी पोतं चाचपलं, नाक मुरडलं आणि लेकाकडं वळल्या.

“भैरू, यशवंतराव गुरुजी पोत्यात काय भरायचं रं? भुश्याचा आवाज ओट्यापातुर नीट येईना. आन् ह्या पोरीला जरा वरडून दाव. तू वरडलास की येशीवरची पोरं गुरं टाकून साळंत पळत यायची.”