दहावं नाव

नऊ नावं झाली होती आणि दहाव्यापाशी घोडं अडलं होतं. इंदुताईंनी अख्खी आर्णी पालथी घातली होती.

शनिवारपर्यंत दहा अर्ज कचेरीत पोचले नाहीत, तर तंबू दुसऱ्या गावाला जाणार होते. मग तरुणींचं शिबीर पुढच्या वर्षी. आणि पुढच्या वर्षी कुणाला आठवतं! एकसष्ट सालचा डिसेंबर होता. मुलांची अशी शिबिरं दरवर्षी व्हायची, मुलींचं हे पहिलंच. नदीकाठच्या आमराईत आठ दिवस राहायचं, सकाळी बंधाऱ्याला दगड वाहायचे, दुपारी काहीतरी शिकायचं, संध्याकाळी खेळायचं. वय पंधरा ते तीस.

ग्रामसेविका झाल्यापासून इंदुताईंना लोकांच्या अडचणी तोंडपाठ झाल्या होत्या. लग्न झालेल्यांच्या दारी त्या गेल्याच नाहीत. सासरहून आठ दिवस कोण सोडणार? उगाच चपला झिजवायच्या. आता उरलं होतं वाहिदभाई पिंजाऱ्यांचं घर. त्यांची नात गौहर सातवी पास होती आणि मागच्याच महिन्यात तिला पंधरा वर्षं पुरी झाली होती.

वाहिदभाईंनी कापूस पिंजणं थांबवलं. दाढीभुवयांवरचा कापूस तसाच ठेवून ते ओट्यावर येऊन बसले.

"पोरीले पाठवाले मी नाही म्हनत नाही, बाई," ते म्हणाले. "पन उन्हाळ्यात तिचा निकाह हाय. पांढरकवड्याच्या लोकायनं आयकलं तं काय म्हनतीन?"

"आन् थे बी नदीवर!" त्यांची बायको शमसुन्निसा बाजेवरून म्हणाली. "माहा जफर गेला तवापासून ह्या दोघीच उरल्या मले."

जफर त्यांचा एकुलता एक मुलगा. नऊ वर्षांपूर्वी तापानं गेला. त्याची बायको रशीदा आतल्या दाराशी उभी होती, ओढणी कपाळापर्यंत ओढून, हाताला पीठ. तिचा चेहरा इंदुताईंनी कधी नीट पाहिला नव्हता. पाहायचं कारणही पडलं नव्हतं.

"तिथं सैपाक कोन करते?" रशीदानं विचारलं.

"पाळीपाळीनं, भाभी. आठ दिवसात एकीवर एकदाच पाळी येते."

"एकदाच?"

"एकदाच."

"आन् लिहितावाचता नसन येत तं?"

"तं आमी शिकवतो. पन गौहरले येतेच की."

रशीदानं हाताचं पीठ ओढणीला पुसलं. मग नदीचं पाणी किती खोल आहे, खेळ कोणते असतात, खेळ न येणारीला बाकीच्या हसतात का, असं एकेक विचारत राहिली. लेकीच्या काळजीनं आई काय काय विचारते! इंदुताईंनी प्रत्येक गोष्टीचं नीट उत्तर दिलं. नऊ घरी हेच केलं होतं, सवय झाली होती.

"तुले यायचं हाय का वं?" शेवटी त्यांनी गौहरलाच विचारलं.

गौहरनं आजीकडं पाहिलं, मग आईकडं.

इंदुताईंना तिची फार दया आली. रागही आला, पण कुणाचा ते त्यांना सांगता आलं नसतं.

"वाहिदभाई," त्या म्हणाल्या, "पोरगी एकदा संसारात पडली का मंग संपलं. चूल, पानी, म्हातारे, लेकरं. सोताचे असे आठ दिवस तिले जल्मात कोनी देनार नाही. तुमी तं द्या."

आत कसलंसं भांडं पडलं. रशीदा दारातून निघून गेली होती.

इंदुताईंनी कोरा अर्ज बाजेवर ठेवला, शनिवारी सकाळी येते म्हणाल्या आणि उठल्या. परतताना त्यांनी मनातल्या मनात ते घर सोडून दिलं होतं.

शनिवारी त्या आल्या तेव्हा घरात काहीतरी होऊन गेलेलं दिसत होतं. शमसुन्निसा भिंतीकडं तोंड करून बसली होती, डोळे सुजलेले. रशीदाचा पत्ता नव्हता. चुलीपुढं गौहर होती, तव्यावरची भाकर एका बाजूनं करपलेली. आतापासूनच बांधली पोरीला चुलीला, इंदुताईंच्या मनात आलं आणि त्यांना भडभडून आलं.

"नाहीच ना?" त्यांनी विचारलं.

"दोन दिवस भांडन चाललं घरात," वाहिदभाई हळूच म्हणाले. "म्या बी लई बोललो. बोलाचं नाही थे बोललो. मंग तुमी म्हनले होते ना आठ दिवसाचं, थेच डोक्यात फिरून राह्यलं." त्यांनी दाढीवरचा कापूस झटकला. "पोरगीच तं हाय, बाई. आमाले कधी दिसलंच नाही. जाऊ द्या म्हनलं."

शमसुन्निसानं भिंतीकडं तोंड ठेवूनच नाक ओढलं.

"आन् पांढरकवड्याचे लोक?"

"थे कायले बोलतीन? त्यायचा काय संबंध?"

इंदुताईंनी पुढं काही विचारलं नाही. म्हाताऱ्याचं मन पुन्हा फिरायच्या आत निघालेलं बरं. दहा झाली होती. तंबू आमराईतच पडणार होते. त्यांना चुलीपुढच्या त्या पोरीला जवळ घ्यावंसं वाटत होतं.

वाहिदभाईंनी चार घड्या घातलेला अर्ज पुढं केला. इंदुताईंनी तो उलगडला. गौहरच्या टपोऱ्या, शाळकरी अक्षरात सगळे रकाने भरले होते.

नाव, रशीदा. वय, एकोणतीस.