उखाण्याशिवाय

"मुलाखतीत नवऱ्याचं नाव विचारल्यावर अर्जदार गप्प राहिली. तिची हकिकत खरी वाटत नाही." परदेशातल्या त्या कोर्टात न्यायाधीश अधिकाऱ्याचा नकार वाचून दाखवत होते आणि मी, दुभाषी, तो सरूबाईंना मराठीत सांगत होते.

गावाकडे पोलिसांनी उचलून नेलेला त्यांचा नवरा सहा वर्षांत परतला नव्हता. जाब विचारायला गेल्या, तर त्यांचेही तळपाय काठीनं फोडून काढले. परत पाठवलं तर पुन्हा तेच होणार, म्हणून त्या इथे आसरा मागत होत्या.

"नाव का नाही सांगितलंत?" मी हळूच विचारलं.

"आमच्यात घेत नाहीत, ताई. धन्याचं आयुष्य कमी होतं."

"आज घ्या."

डोक्यावर पदर ओढून त्या उभ्या राहिल्या. संसारात पहिल्यांदाच, उखाण्याशिवाय, त्यांनी मोठ्यानं नाव घेतलं, "लहानू."

न्यायाधीश मऊ आवाजात बोलले. इथे फक्त जुने कागद तपासतात, नवं काही लिहून घेता येत नाही. अर्ज फेटाळला.

मी ते सांगितलं. सरूबाईंनी परत जाण्याबद्दल काही विचारलंच नाही. कपाळावरच्या कुंकवाला हात लावत त्या म्हणाल्या, "म्हणजे उगाच आयुष्य कमी केलं मी त्यांचं."