अदनानची किंमत

पणजा हसनमियां तांडेल, आजा दाऊद सुतार, बाप मरहूम इब्राहीम फोरमन. त्यांचा अदनान सौदीतल्या जुबैलच्या बास्केटबॉलचा हुकमी खेळाडू. त्याला मिळवण्यासाठी प्रतिस्पर्धी संघाचे व्यवस्थापक नवे बूट आणि आपल्या कंपनीतली नोकरी घेऊन त्याच्या आईकडे, रईसाबींकडे, आले. जुन्या संघाचे प्रशिक्षक गुरुनाथ समोरच बसले होते. परदेशी माणसांच्या जागी सौदी माणसे घेण्याच्या सौदीकरणात त्यांच्या मुलाची, शर्विलची, नोकरी गेली होती. तो गावी परतणार होता. दोघांच्या कंपनीतल्या पूर्वीच्या नोकरकपातीत याच गुरुनाथांनी स्वतः खालच्या कामावर जाऊन इब्राहीमची जागा राखली होती. रईसाबींनी बूट अदनानकडे सरकवले. "अम्मी, गुरुनाथचाचांना सोडून?" "गप्प बस. साहेब, हा तुमच्याकडे खेळेल. नोकरी त्याला आहे, तुमची शर्विलला द्या. यल्ला, चला, फोन लावा." व्यवस्थापकांनी कंपनीत फोन लावला. पलीकडून होकार आला. "गुरुनाथभाऊ, शुक्रवारच्या सामन्यात हरायची तयारी ठेवा. मुलगा तरी शेजारी असेल. इब्राहीमचे देणे आज फिटले."