आडीतली एक क्लिक

वाळ्याचे पडदे, घरपोच. एप्रिल.

बारावीचा निकाल, नंबरावरून. मे.

साडी, सेल, टी. नगर, पार्किंग. जुलै.

फटाके, घाऊक. ऑक्टोबर.

मुलीची चौकशी, गुप्त, चेन्नई. जानेवारी, मग एप्रिल-मे, मग एकदम ऑगस्टचा शेवट.

चेन्नईतली माणसं कुठल्या महिन्यात इंटरनेटवर काय शोधतात, याचा हा तक्ता कीर्तनानं तीन वर्षं जमवला होता. शेवटची ओळ एका ग्राहकाची होती: लग्नाआधी मुलामुलींची माहिती काढून देणारी एक संस्था. तिच्या जाहिराती कीर्तनाच लिहायची. कुणी ते शब्द टाइप केले, की पडद्याच्या कडेला तिच्या दोन ओळी उमटत. ‘लग्नाआधी खात्री करा. गुप्तता राखू.’

“जुलैत ही चौकशीची रेघ अशी झोपलीय का?” संजीवनं विचारलं. तो तिचा टीम लीडर. पुण्याहून येऊन त्याला वर्षही झालं नव्हतं.

“आडी महिना, सर. सतरा जुलैपासून महिनाभर. शुभकार्य नाही, बोलणी नाहीत. नव्या सुनेलासुद्धा माहेरी धाडतात.”

“मग सासवा काय करतात महिनाभर?”

“तिसरी ओळ बघा. साड्या घेतात.”

तो हसला. मग पडद्यावर बोट ठेवून म्हणाला, “आणि हा कोण झोप न येणारा?”

त्या उन्हाळ्यात, २००७ साली, त्यांना नवा रिपोर्ट मिळू लागला होता. जाहिरातीवर क्लिक करणाऱ्यानं नेमके कोणते शब्द टाइप केले, ते त्यात दिसायचं. माणूस दिसायचा नाही. शब्द, गाव, तारीख.

डी. कीर्तना शोळिंगनल्लूर मुलीची चौकशी. चेन्नई. २८ जुलै. एक क्लिक.

संजीव खुर्ची मागे ढकलून उठला. “दुसरी कुणीतरी असेल गं.”

“इथं, शोळिंगनल्लूरमध्ये, अशा डी. कीर्तना किती आहेत, सर?”

तो पाण्याची बाटली तिच्यापुढे सरकवून निघून गेला.

आडीत नवं स्थळ कुणी बघत नाही. म्हणजे शोधणाऱ्याचं स्थळ आधीच ठरलेलं. कीर्तनाचं जूनमध्ये ठरलं होतं, लग्न आडीनंतरच्या आवणीत, तीन आठवड्यांवर. असं घर एकच होतं, तिच्या होणाऱ्या सासरचं. तीन वर्षांत त्या तक्त्यानं तिला एकदाही दगा दिला नव्हता.

त्यांनी पगार विचारला होता, गोत्र विचारलं होतं, चष्म्याचा नंबर विचारला होता. कॉफी पिऊन, हात पुसून गेले होते. आणि वर हे.

नवरा मुलगा प्राणेश पुढं सिरुसेरीला नोकरीला होता. जूनपासून रोज संध्याकाळी तो कंपनीची बस तिच्या ऑफिसजवळ, शोळिंगनल्लूरच्या सिग्नलला सोडायचा आणि तिच्याबरोबर साध्या बसनं, बहुतेक वेळा उभ्यानं, अड्यारपर्यंत जायचा. त्या दिवशीही उतरला. हातात तिच्यासाठी भाजलेलं कणीस होतं.

“तुमच्या घरातून माझी चौकशी झालीय,” ती म्हणाली. “अठ्ठावीस तारखेला. इंटरनेटवरून.”

“अम्माला माऊस धरता येत नाही.”

“तुम्हाला येतो.”

त्यानं कणीस दुसऱ्या हातात घेतलं. “त्या जाहिराती तूच लिहितेस ना?”

“ते माझं काम आहे.”

“असं. म्हणजे दुसऱ्यांच्या मुलींची चौकशी झाली तर काम, तुझी झाली तर अपमान.”

“विषय बदलू नका. तुम्ही केलं की नाही?”

“नाही. आणि हे मी पुन्हा सांगणार नाही.”

“तारीख आहे माझ्याकडे. आडीत दुसरं कोण शोधणार?”

“कीर्तना, तू मला महिन्यावरून ओळखलंस?” तो म्हणाला. “आज हे. उद्या दुसऱ्या कुठल्या तक्त्यात मी सापडेन.”

बस आली. ती चढली. तो चढला नाही.

एग्मोरच्या घरी तिचे वडील दत्तोपंत भात निवत ठेवून वाट पाहत होते. रेल्वेतून निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती. बायको गेल्यापासून मुलगी आली की पहिला प्रश्न ठरलेला: आज काय लिहिलंस? ती लिहिते ते नेमकं कुठं छापतात, हे त्यांना बरेच दिवस उमगलं नव्हतं. कुठंच छापत नाहीत, अप्पा, माणसं अमुक शब्द टाइप करतात तेव्हा येतं, असं तिनं जुलैत एकदा जेवताना सांगितलं होतं. पुढं ते काही विचारणार, तोच प्राणेशचा फोन आला होता.

आज त्यांनी तिचा चेहरा पाहिला आणि तो प्रश्न विचारला नाही.

“काय झालं, कण्णा?”

“त्यांनी माझी चौकशी करवली, अप्पा. गुपचूप. मला पुरावा मिळाला.”

 दत्तोपंतांचे कान लाल झाले.

“माझ्या लेकीची?” ते म्हणाले. “तंजावरास पाच पिढ्या आम्हांस मनुष्यें ओळखतात. आणि हे मागून धुंडणार?”

“जाऊ दे, अप्पा.”

“जाऊ दे कसें? त्यांची एक वस्तु या घरांत राहणार नाही.”

त्यांनी स्वतः साखरपुड्याची साडी कपाटातून काढली, तिची घडी नीट केली, अंगठी डबीत घातली. कीर्तना नको म्हणाली नाही. सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून ते प्राणेशच्या घरी गेले आणि दारातूनच सगळं परत करून आले. प्राणेशची आई काय झालं ते विचारत फाटकापर्यंत मागं आली होती. प्राणेश आला नाही.

“सोडवलें तुला,” ते घरी येऊन म्हणाले. कीर्तनानं त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवलं.

अठ्ठावीस जुलैला, शनिवारी, दत्तोपंत एग्मोर स्टेशनसमोरच्या ब्राउझिंग सेंटरमध्ये अर्धा तास बसले होते. मुलीनं लिहिलेली जाहिरात त्यांना उघडून पाहायची होती, आणि दुसऱ्या कुणाची न येता तिचीच यावी म्हणून त्यांनी तिनं सांगितलेल्या शब्दांच्या आधी तिचं नाव आणि ऑफिसचं ठिकाण घातलं होतं.